डॉक्टरकीला लागणारे गुण : मार्कशीटवरचे आणि मार्कशीटबाहेरचे



या अंकात लागण, खत, पाणी यांविषयी न लिहिता जरा वेगळ्या पिकाविषयी लिहीत आहे. नीट परीक्षेचा निकाल लागला की आपल्या गट ऑफिसात युरियापेक्षा पोरांच्या मार्कांचीच चर्चा जास्त होते. "साहेब, पोरीला इतके मार्क पडले, डॉक्टरकीला नंबर लागेल का?" असे सभासद विचारतात. नंबर लागेल की नाही हे राज्याच्या प्रवेश कक्षाच्या यादीवरून कळतेच. पण नंबर लागल्यावर आपले पोर तिथे टिकेल का, हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. खरे म्हणजे उसाची बिले, सोसायटीचे कर्ज, कधी कधी जमिनीचा एखादा तुकडा आणि पोराच्या उमेदीची पाच-सहा वर्षे याच प्रश्नावर लागलेली असतात.

मी शेतकी पदविका झालेला माणूस, डॉक्टर नव्हे. परंतु आपल्या कार्यक्षेत्रातील जी मुले-मुली वैद्यकीय महाविद्यालयात शिकत आहेत किंवा शिकून बाहेर पडली आहेत, त्यांच्याशी शिवारात फिरताना नेहमी बोलणे होते. त्यांच्याकडून ऐकलेले आणि या विषयावर वाचलेले येथे एकत्र मांडत आहे. मराठीत 'गुण' या एकाच शब्दाचे दोन अर्थ आहेत. परीक्षेत पडतात तेही गुण आणि अंगी असतात तेही गुण. पहिल्या गुणांनी कॉलेजचे दार उघडते. आत गेल्यावर चालतात ते दुसरे.

हे पीक किती दिवसांचे?

आडसाली ऊस सोळा-अठरा महिने शेतात उभा राहतो आणि तेवढ्यातच आपला जीव टांगणीला लागतो. एमबीबीएसचा अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा आहे आणि त्यानंतर एक वर्ष सक्तीची आंतरवासिता, म्हणजे इंटर्नशिप. एकूण साडेपाच वर्षे, तीही एकदाही नापास न होता.

पहिल्या वर्षी शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र आणि जीवरसायनशास्त्र हे तीन मोठे विषय. माणसाच्या अंगात २०६ हाडे. प्रत्येक हाडावरचा उंचवटा, खाच, तिथे चिकटलेला स्नायू, शेजारून जाणारी रक्तवाहिनी हे सगळे हातात हाड धरून सांगावे लागते. दुसऱ्या टप्प्यात रोग कसा होतो, जंतू कोणते आणि औषध कसे काम करते हे शिकवतात, आणि वॉर्डात रुग्णाजवळ उभे राहणेही सुरू होते. पुढे न्यायवैद्यक व सामाजिक वैद्यक आणि शेवटी मेडिसिन, सर्जरी, बाळंतपण व स्त्रीरोग, बालरोग.

नियमही कडक आहेत. वर्गाच्या तासांना ७५ टक्के आणि प्रात्यक्षिकांना ८० टक्के हजेरी लागते. २०२३ च्या नियमांप्रमाणे पहिल्या वर्षाच्या परीक्षेला जास्तीत जास्त चार वेळा बसता येते आणि सगळा अभ्यासक्रम प्रवेशापासून नऊ वर्षांच्या आत पुरा करावा लागतो. म्हणजे "बघू, निघेल कधीतरी" असे म्हणायला तिथे वाव नाही.

शिवाय नीटमध्ये चार उत्तरांतून एक निवडायचे असते. मेडिकलला लिहावे लागते, तोंडी परीक्षेत परीक्षकासमोर बोलावे लागते आणि रुग्णाला तपासून दाखवावे लागते. म्हणून नीटला भरपूर मार्क मिळवणारे पोर इथे चाचपडते आणि मध्यम मार्कांचे पोर पुढे जाते, असे पुष्कळदा घडते. ते कोणत्या गुणांमुळे, ते आता क्रमाने पाहू.

१) रोजचे काम रोज

हा गुण पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा. बेल्जियम देशात १९९७ साली वैद्यकीय शिक्षणाला आलेल्या विद्यार्थ्यांवर शेवटच्या वर्षापर्यंत लक्ष ठेवण्यात आले आणि तो अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात असे आढळले की कामाची शिस्त, नेटकेपणा आणि हाती घेतलेले तडीस नेण्याची सवय ज्यांच्या अंगी होती, त्यांना तिचा फायदा पहिल्या वर्षापेक्षा पुढच्या वर्षांत अधिकाधिक होत गेला. हुशारीच्या जोरावर एक परीक्षा मारता येते. साडेचार वर्षे मारता येत नाहीत.

आपल्याला हे सांगायला नको. लागणीनंतर महिनाभरात नांग्या भरल्या नाहीत तर उशिरा लावलेला कोंब शेजारच्या उसाच्या सावलीत मागे राहतो. मेडिकलच्या अभ्यासातही असेच होते. पहिल्या दोन महिन्यांत हाताची रचना कच्ची राहिली की पुढे छाती, पोट, मेंदू एकावर एक येऊन पडतात आणि मागचे भरून काढायला सवड मिळत नाही.

वाचायचे कसे, यालाही महत्त्व आहे. नुसते पानावर रेघा मारत चार वेळा वाचण्यापेक्षा एकदा नीट वाचून पुस्तक मिटावे, आठवेल तेवढे कागदावर लिहावे आणि मग पुस्तक उघडून राहिलेले पाहावे. असे केलेले जास्त दिवस लक्षात राहते हे प्रयोगांनी सिद्ध झालेले आहे. त्यासाठी अचाट स्मरणशक्ती लागत नाही. सवय लागते.

२) मागे पडल्यावर पुन्हा उभे राहणे

गावाकडच्या शाळेत आपले पोर पहिले असते. सत्कार होतो, फोटो छापून येतो, आपण कारखान्यावरही नारळ आणि शाल देतो. पण मेडिकलच्या वर्गात दीडशे मुले असतील तर ती दीडशेच्या दीडशे आपापल्या गावची पहिलीच असतात. मग त्यातले कोणीतरी शेवटचे येणारच. पहिल्या चाचणी परीक्षेत आयुष्यात प्रथमच नापास झालेल्या पोराला वाटते, आता संपले सगळे.

आपल्या एका सभासदाची मुलगी आहे. घरची दोन एकर जमीन, बारावीपर्यंतचे शिक्षण तालुक्यात, दहावीपर्यंत मराठी माध्यम. पहिल्या चाचणीत तिन्ही विषयांत नापास झाली. घरी कोणालाच सांगितले नाही. पण ती खोलीत रडत बसली नाही. दुसऱ्या दिवशी तपासलेला पेपर घेऊन शिक्षकांकडे गेली आणि "कुठे चुकले ते दाखवा" म्हणाली. तेव्हा कळले की तिला विषय येत होता, पण इंग्रजीत उत्तर मांडता येत नव्हते. आज ती शेवटच्या वर्षाला आहे. तिच्या बोलण्यातले एक वाक्य माझ्या ध्यानात राहिले आहे : "नापास झाल्याचं काही नाही काका, पेपर बघायला न जाणारी पोरं मागं राहिली."

३) विचारण्याची लाज नको

आपल्या भागातल्या पोरांना हा गुण मुद्दाम शिकवावा लागतो. इंग्रजी बोलता येत नाही म्हणून पोर मागच्या बाकावर बसते, शंका विचारत नाही, आणि न विचारलेली शंका साठत जाते. शास्त्रीय शब्द तर शहरातल्या इंग्रजी शाळेच्या मुलांनाही नवेच असतात, कारण त्यातले बरेचसे मूळचे लॅटिन आणि ग्रीक भाषेतले आहेत. म्हणजे त्या बाबतीत सगळे सारखेच कच्चे. वर सांगितलेल्या मुलीने एक वही केली. डाव्या बाजूला इंग्रजी शब्द आणि उजव्या बाजूला मराठीत त्याचा अर्थ. सहा महिन्यांत भाषेची अडचण मिटली.

आणि वॉर्डात गेल्यावर पारडे उलटते. तिथला रुग्ण आपल्याच गावचा असतो. "पोटात कळ येतीया, आन् डोस्कं जड झालंय" असे तो सांगतो, ते इंग्रजी शाळेच्या मुलांच्या पटकन ध्यानात येत नाही. आपल्या पोरांना ते लगेच कळते. बेल्जियमच्या त्याच अभ्यासात असेही दिसले की माणसांत मिसळण्याच्या स्वभावाचा उपयोग पुढच्या वर्षांत वाढत गेला. म्हणून रुग्णाशी दोन शब्द नीट बोलता येणे हासुद्धा अभ्यासाचाच भाग समजावा.

४) माणसाविषयी आस्था

पहिल्याच वर्षी विच्छेदनगृहात मृतदेहावर शिकावे लागते. औषधाचा वास डोळ्यांना झोंबतो, काहींना पहिल्या दिवशी भोवळ येते. त्यात कमीपणा काही नाही. चार-आठ दिवसांत सवय होते. कोणीतरी मरणोत्तर देहदान केले म्हणून आपल्याला शिकता येते, याची जाणीव ठेवून अनेक महाविद्यालयांत विद्यार्थी पहिल्या दिवशी त्या देहाचा मान राखण्याची शपथ घेतात.

पुढे वॉर्डात रक्त, पू, उलटी, जळालेले अंग, रडणारे नातेवाईक आणि मरणही पाहावे लागते. किळस न येणे हा गुण नव्हे. किळस आली तरी रुग्णाला ती जाणवू न देता काम करणे हा गुण. दुसरे टोकही वाईटच. रोज दुःख पाहून माणूस निबर होतो. अमेरिकेत फिलाडेल्फिया येथील एका वैद्यकीय महाविद्यालयातील २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की विद्यार्थी रुग्णांत काम करू लागतात त्या तिसऱ्या वर्षीच त्यांची रुग्णाविषयीची आस्था घसरते. म्हणजे ज्या वेळी आस्था हवी त्याच वेळी ती आटते. 'खाट नंबर बारा' न म्हणता 'बारा नंबरच्या खाटेवरच्या आजी' म्हणणारा विद्यार्थी ही घसरण थोपवून धरतो.

अलीकडच्या अभ्यासक्रमात विद्यार्थ्यांना खेड्यातील काही कुटुंबे नेमून देतात आणि त्यांच्या आरोग्याकडे त्यांनी वेळोवेळी जाऊन पाहायचे असते. अशी मुले आपल्या गावात आली तर सभासदांनी त्यांना घरात बसवावे, चहा द्यावा आणि खरी माहिती द्यावी. उद्याचा डॉक्टर अशाच ओसरीवर तयार होतो.

५) खरेपणा आणि जबाबदारी

शेतकी मदतनीसाने शेतावर न जाता लागणीची नोंद केली तर तोडणीच्या वेळी सगळा कार्यक्रम विस्कटतो आणि भोगावे लागते सभासदाला. रुग्णाचे ब्लडप्रेशर न मोजताच कागदावर आकडा लिहिणारा विद्यार्थी याच जातीचा. फरक एवढाच की तिथे माणसाच्या जिवाशी गाठ असते.

अमेरिकेत २००५ साली एक महत्त्वाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वैद्यकीय मंडळाने ज्या २३५ डॉक्टरांवर गैरवर्तनाबद्दल कारवाई केली होती, त्यांचे कॉलेजातले जुने कागद काढून पाहिले आणि इतर डॉक्टरांच्या कागदांशी ताडून पाहिले. विद्यार्थी असतानाच ज्यांच्या वर्तनाबद्दल शेरे होते, त्यांच्यावर पुढे कारवाई होण्याची शक्यता सुमारे तिप्पट दिसली. त्यातही सर्वांत ठळक दोष होते दोन. एक बेजबाबदारपणा आणि दुसरा, चूक दाखवली तरी सुधारणा न करणे. हे दोष मार्कशीटवर दिसत नाहीत. घरात मात्र दिसतात. सांगितलेले काम न करताच "केलं" म्हणणारे पोर आपल्याला ओळखू येतेच की!

६) बघण्याची नजर

महाराष्ट्रातलेच उदाहरण देतो. डॉ. हिम्मतराव बावस्कर हे जालना जिल्ह्यातील देहेड या खेड्यातल्या गरीब शेतकरी कुटुंबातले. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून ते डॉक्टर झाले आणि महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरीला लागले. त्या भागात लाल विंचवाच्या दंशाने धडधाकट माणसे आणि लहान मुले दगावत असत. त्या काळी त्यावर खात्रीचा उपाय नव्हता. बावस्करांनी रुग्णाच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, घाम, श्वास यांच्या बारीक नोंदी ठेवल्या. विंचवाच्या विषाने हृदयावर ताण येतो आणि फुप्फुसांत पाणी साठते, असे त्यांना दिसले. मग रक्तदाबासाठी वापरले जाणारे प्राझोसिन हे औषध त्यांनी या रुग्णांवर वापरले आणि मृत्यूंचे प्रमाण खूप खाली आणले. लॅन्सेट या जगप्रसिद्ध वैद्यकीय पत्रिकेने त्यांचे काम छापले आणि २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

मोठी यंत्रसामग्री हाताशी नव्हती. नीट पाहायचे, पाहिलेले लिहायचे आणि लिहिलेल्यावर विचार करायचा, एवढे मात्र होते. पानावर तांबेरा आला की अन्नद्रव्य कमी पडले, हे बांधावरून न जाता सरीत उतरून पान उलटून पाहणाऱ्यालाच नीट कळते. ही नजर शेतकऱ्याच्या पोराला घरीच मिळू शकते.

७) स्वतःला सांभाळणे आणि मदत मागणे

हा मुद्दा शेवटी घेतला असला तरी दुय्यम समजू नये. चाळीसहून अधिक देशांतील वैद्यकीय विद्यार्थ्यांची माहिती एकत्र करून २०१६ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे २७ टक्के विद्यार्थ्यांत मनाच्या खिन्नतेची लक्षणे आढळली. म्हणजे चारांत एकाहून जास्त. शंभरात सुमारे अकरा जणांच्या मनात आत्महत्येचा विचार येऊन गेलेला होता. आणि ज्यांना खिन्नता होती त्यांतील शंभरात सोळाच जणांनी उपचार घेतले. दुसऱ्यांना बरे करायला निघालेली ही मुले स्वतःसाठी डॉक्टरकडे जायला लाजतात.

म्हणून पुरेशी झोप घेणे, वेळेवर जेवणे, थोडे खेळणे आणि दोन जिवाभावाचे मित्र जोडणे याला चैन म्हणू नका. औताच्या बैलालाही आपण दुपारी सोडतो. मन फारच खचले तर सरकारची टेलिमानस ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस चालू असते. तिथे मराठीतही बोलता येते. रॅगिंग झाल्यास गप्प बसू नये. तो कायद्याने गुन्हा आहे आणि प्रत्येक महाविद्यालयात त्यासाठी समिती असते.

घरच्यांनी काय करावे?

आता थोडे आपल्याविषयी. वरचे सातही गुण एका दिवसात येत नाहीत आणि विकतही मिळत नाहीत. पण त्यातले बरेचसे बारावीच्या आधी घरात दिसू लागतात. त्यासाठी पुढील गोष्टी पाहाव्यात.

(अ) पोर कोणी न सांगता रोज ठराविक वेळ बसते का? की परीक्षेच्या आदल्या रात्रीच जागते?

(आ) मार्क कमी पडले तर पेपर लपवते, की चूक शोधते?

(इ) घरात कोणी आजारी पडले तर पोर जवळ बसते, की लांब पळते? आजीला औषध वेळेवर कोण देते, ते पाहावे.

(ई) आणि शेवटचे, सर्वांत मोठे. डॉक्टर व्हायची इच्छा पोराची आहे की आपली?

या शेवटच्या प्रश्नावर अडखळलेले एक घर मला माहीत आहे. मुलाला यंत्राची आवड. दहा-बारा वर्षांचा असल्यापासून पाण्याची मोटर खोलायचा आणि जोडायचा. वडिलांची हौस मात्र डॉक्टरकीची. दोन वर्षे क्लास लावले, कर्ज काढून खाजगी महाविद्यालयात प्रवेश घेतला. मुलगा दीड वर्षाने परत आला. काही दिवस तो कोणाशी बोलतही नव्हता. आज तो ठिबक सिंचनाची कामे घेतो आणि चांगली करतो. पण गेलेले पैसे परत आले नाहीत, आणि बापलेकांतला अबोला मिटायला त्याहून जास्त काळ लागला. मुलात खोट नव्हती. जमीन पाहून वाण निवडावा, एवढे साधे तत्त्व तिथे पाळले गेले नाही.

तेव्हा नीटच्या क्लासची फी भरण्यापूर्वी पोराला चार दिवस जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, तेथील डॉक्टरांना विचारून, नुसते बसवावे. सकाळच्या रांगा, लसीकरण, जखम बांधणे, रात्री-अपरात्री येणारे बाळंतपण पाहू द्यावे. घरी आल्यावर ते काय सांगते ते ऐकावे. "किती गर्दी, किती घाण" एवढेच सांगत असेल तर थांबून विचार करावा. "त्या म्हातारीला काय झालं असेल ओ?" असे विचारत असेल तर त्या पोरात काहीतरी आहे असे समजावे, मार्क थोडे कमी असले तरी.

नंबर लागला नाही म्हणून आयुष्य वाया जात नाही. परिचर्या, औषधनिर्माण, प्रयोगशाळा तंत्रज्ञान, भौतिकोपचार अशी रुग्णसेवेचीच कितीतरी शिक्षणे आहेत आणि हेच गुण तिथेही लागतात. आणि नंबर लागला तर दर फोनला "मार्क किती पडले?" हे पहिले विचारू नये. "जेवलास का? झोप झाली का? वर्गात कोणाला विचारलंस का?" हे आधी विचारावे. मार्कांचे पोर आपणहून सांगेल.

यंदाही आपल्या कार्यक्षेत्रातील काही मुले-मुली वैद्यकीय महाविद्यालयात दाखल होतील. त्यांना आणि त्यांच्या पालकांना शुभेच्छा. ज्या सभासदांची मुले सध्या तिथे शिकत आहेत, त्यांनी सुट्टीत पोरे घरी आल्यावर गट ऑफिसला कळवावे. बारावीच्या मुलांशी त्यांची एक बैठक गावातच घडवून आणता येईल. माझ्यासारख्याने लिहिलेल्या चार पानांपेक्षा त्यांचे अर्ध्या तासाचे बोलणे अधिक उपयोगी पडेल.

— ऊस विकास अधिकारी